एंगकाबांगचं कोरडं माहेर

आमच्या लांबघरात, एकाच लांबलचक छपराखाली, एकवीस बिऱ्हाडं, पण आवाज एकीचाच: माझ्या सासूबाईंचा, रिमोंगचा. त्यांच्या आजीने नदीकाठी लावलेली बारा एंगकाबांग झाडं म्हणजे त्यांचा जीव. त्या झाडांच्या बियांचं तूप आम्ही गरम भातावर घालतो. घालायचो, म्हणायला हवं; सात वर्षांत एक फूल नाही. शेवटी मुखिया न्यांगाऊने ठरवलं, झाडं तोडायची आणि तेलताड लावायचे. खरं सांगते, मीही हात वर केला होता.

सासूबाई म्हणाल्या, “महिनाभर पाऊस थांबू दे, पहाटे गारठा पडू दे. खोबरेल थिजलं की फुलणारच.”

“ह्या उकाड्यात खोबरेल थिजतंय! बसा वाट बघत,” मी म्हटलं.

तेव्हा शहरातून झाडांचा अभ्यास करणारी एक बाई आली होती. तिच्या मते ह्या झाडांचं कूळ मूळचं कोरड्या ऋतूंच्या मुलखातलं. लाखो वर्षांत हवा पालटली, बारमाही पावसाचं रान झालं, त्यात ह्या कुळाच्या शेकडो जाती झाल्या. पण फुलायचं ते हवा कोरडी झाल्यावर आणि सगळ्यांनी एकदम, म्हणजे रानडुकरांनी खाऊनही बी उरतं.

“अगोबाई, म्हणजे माहेर कोरडं!” सासूबाई खूश. “सासरी कितीही लाड होऊ देत, माहेरचा निरोप आल्याशिवाय खुलायच्या नाहीत ह्या बाया.”

मग खरंच पंचवीस दिवस थेंब पडला नाही. तोडणी दोन दिवसांवर आली. सकाळी मी बाटली उपडी केली, तर तेल येईना. नासलं असेल म्हणून चुलीपाशी ठेवलं, वितळवलं, केसांना चोपडलं. नदीवर केस धुताना डोक्यात उजेड पडला: तेल नासलं नव्हतं, थिजलं होतं. अगं बाई, हे मी काय केलं! खोबरेल उरलंय फक्त आमच्याकडे. बाकीच्या सगळ्यांचं दुकानातलं वासाचं तेल. साक्षीदार मी एकटी.

सासूबाईंनी आधी शेलक्या शिव्या दिल्या, मग हाताला धरून मुखियाकडे नेलं.

“तोडा म्हणणारी तूच ना?” न्यांगाऊ हसला.

“मीच. म्हणून तर ऐका, दादा. सासूची बाजू घ्यायला मी खोटं बोलेन का?”

सगळी ओसरी खिदळली. त्याने तीन महिने दिले.

नवव्या आठवड्यात नदी पाकळ्यांनी भरून वाहिली, पल्याडचं रानही फुललं. न्यांगाऊ स्वतः येऊन म्हणाला, “करवतवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलंय.” मला इतकं हायसं वाटलं की सासूबाईंच्या गळ्यात पडून मी ढसाढसा रडले.

“पुरे झालं,” त्या म्हणाल्या. “बियांसाठी टोपल्या विणायला घे. आहेत त्या उंदरांनी खाल्ल्यात.”