झेंड्याखालची रांग

आमच्या चाळीत कॅमेरा येणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी आम्ही संडास धुतले.

घाटकोपरच्या टेकडीवर बैठ्या चाळींची आमची वस्ती होती. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि चाळ कमिटीचे सेक्रेटरीही. दाढीवाला, खांद्याला झोळी अडकवलेला एक तरुण त्यांना भेटायला आला आणि म्हणाला, "उपनगरातल्या रोजच्या जगण्यावर छोटा माहितीपट करतोय. सव्वीस जानेवारीला तुमच्याकडे शूटिंग केलं तर चालेल का?" बाबांना आकाश ठेंगणं झालं. तेव्हा थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी असे माहितीपट दाखवायचे. धरणं, पोलादाचे कारखाने, वाऱ्यावर डोलणारा गहू. लोक तेवढ्या वेळात बाहेर वडे खाऊन यायचे, पण बाबा ते ताठ बसून बघायचे आणि आम्हालाही ताठ बसवायचे. आता त्या धरणांच्या पंगतीत आपली चाळ बसणार असं त्यांनी धरून टाकलं.

मग काय, फिनेल आलं, चुना आला. नळाजवळचं शेवाळ खरवडून काढलं. वाचनालयाच्या नावाखाली जे एक कपाट होतं, ते उघडून बाहेर मांडलं. आणि बायका नटल्या. याला हसू नका. कॅमेरा आम्ही पाहिला होता तो लग्नात नाहीतर फोटो स्टुडिओत. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणजे चांगली साडी नेसून, पदर नीट घेऊन, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी बाबांनी झेंडा फडकवला, पोरांनी लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या. दाढीवाल्याने ते सगळं घेतलं आणि मग कॅमेरा फिरवला तो थेट संडासांच्या गल्लीकडे. तिथे नेहमीसारखी रांग होतीच. सण असला म्हणून पोट थोडंच सुट्टी घेतं? फक्त त्या दिवशी रांगेत इरकली होत्या, पाटल्या होत्या, शेजारच्या काकूंच्या नाकात नथ होती. आणि प्रत्येकीच्या हातात पत्र्याचा डबा.

"तुम्ही रोज जशा उभ्या राहता तशाच राहा ना," दाढीवाला काकुळतीला येऊन म्हणाला.

"रोजच्यासारख्या रोज असतोच रे," काकू म्हणाल्या. "आज फोटो आहे ना?"

त्याने कपाळाला हात लावला. बाबा त्याला वाचनालयाकडे ओढत होते, तो हसत हसत गल्लीकडे परतत होता. शेवटी सगळं आवरून तो गेला आणि आम्हाला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो न सांगता परत आला. तेव्हा मी रांगेत होते. केस सुटलेले, अंगावर आईची विटकी साडी. माझ्यापुढे घुसणाऱ्या एका बाईशी माझं जुंपलं होतं आणि तिच्या नाकासमोर डबा नाचवत मी तिला नंबर म्हणजे काय ते समजावत होते. समोर कॅमेरा दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

बाबांनी त्याला कोपऱ्यावर गाठलं. "ही देशाची बदनामी आहे," ते म्हणाले. "बाहेरचे लोक बघतील. काय म्हणतील?"

"काका, मी खोटं काय दाखवलं?"

"खोटं असतं तर मी हसलो असतो," बाबा म्हणाले.

त्यांचा राग मला पूर्ण कळत होता. ते कोकणातून आले तेव्हा त्यांच्याकडे एक वळकटी होती. या टेकडीवर त्यांनी नळ आणला, दिवे आणले. युद्धाच्या वेळी आईच्या सोन्याच्या बांगड्या संरक्षण निधीला नेऊन दिल्या. देश म्हणजे त्यांना आपलं घरच वाटे, आणि घरात आलेल्या पाहुण्याने बैठकीच्या खोलीत बसावं, मोरी उघडून बघू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. पण त्या मोरीत रोज सकाळी मी उभी असे, तेही खरंच होतं.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, सरकारी कचेरीत कारकून. घर मूळचं आमच्याच बाजूचं, आणि राहायला ब्लॉक, संडास घरातच असलेला, सेल्फ-कंटेन्ड. हा शब्द आई एखाद्या देवीचं नाव घ्यावं तसा घेई. बघण्याचा कार्यक्रम आम्ही मुद्दाम दुपारी ठेवला होता. चहा-पोहे झाले की तासाभरात मंडळी उठतील, कोणाला कुठे जायची वेळच येणार नाही, असा आईचा हिशेब होता. तो तसा जुळलाही. मंडळी दोन तास बसली आणि कोणी काही विचारलं नाही. पुढे साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. त्याच्याबरोबर मी एकदा पवईला जाऊन आले, धाकट्या भावाला मधे बसवून. मला तो आवडला. बोलायला संथ, पण बोलेल ते नीट. मला नवरा म्हणून तोच हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, आतून कडी लागणारा संडासही हवा होता.

गणपती झाले आणि चाळीतल्या एका पोराने मुलुंडच्या थिएटरात तो माहितीपट पाहिला. तो धावत आला. "अगं, तू आहेस त्यात. झकास भांडतेस." आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्या रविवारी आई, बाबा आणि मी मुलुंडला गेलो. मुख्य सिनेमा कोणता होता ते मला आज आठवत नाही. अंधार झाला आणि पडद्यावर आमची टेकडी आली. बाबांचा झेंडा वर जाताना दिसला. कॅमेरा झेंड्यावरून हळूहळू खाली उतरला, तसाच, न थांबता, आणि खाली रांग होती. नथ, पाटल्या, डबे. लोक हसले. मग दुसऱ्या दिवशीची पहाट आली आणि भल्यामोठ्या पडद्यावर मी, दात-ओठ खात डबा नाचवणारी. लोक आणखी हसले. त्यानंतर एक म्हातारी आली, आमच्या शेवटच्या खोलीतली. काठी टेकत ती पुढे जाते आहे आणि सगळी रांग न बोलता तिला वाट देते आहे. मी जिच्याशी हिरिरीने भांडत होते ती बाईसुद्धा बाजूला होते आहे. थिएटर गप्प झालं. मागून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "आपल्याकडे पण हेच आहे यार."

बाबा मान खाली घालून बसले होते. मला लाज वाटत होतीच, पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी झालं. इतकी वर्षं मी जे पदराखाली झाकून नेत होते ते शेवटी सगळ्यांसमोर आलं होतं, आणि थिएटर कोसळलं नव्हतं. पण हे मी बाबांना सांगू शकले नाही.

घरी आल्यावर आईने तोंडाला पदर लावला. "तेंनी बघितल्यानी तर? लगीन मोडतला," ती म्हणाली. माझ्याही मनात तेच होतं. तो माहितीपट गावभर फिरणार, बोरिवलीही सुटणार नव्हती. डबा नाचवणारी सून कोणाला हवी असणार? बाबा म्हणाले, आपणच जाऊन सांगू, फसवल्यासारखं नको. पण काय सांगायचं याची जुळवाजुळव करण्यातच ते अडकले. ओसरीत येरझारा घालत स्वतःशी पुटपुटायचे आणि वाक्य अर्धं सोडून द्यायचे.

त्यांचं भाषण तयार व्हायच्या आतच एके दिवशी सकाळी माझ्या होणाऱ्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. एकट्याच. बाबांची दुपारची पाळी होती म्हणून ते घरात होते. आईने सतरंजी अंथरली, चहा करून आणला. मला तर तेव्हाच कळून चुकलं की साखरपुड्याची साडी परत करायची वेळ आली.

"पिक्चर बघितला आम्ही," बसता बसता त्या म्हणाल्या. "सगळेच गेलो होतो."

बाबांनी घसा साफ केला. "विहीणबाई, त्या माणसाने आमचा विश्वासघात केला. आम्ही त्याला वाचनालय दाखवत होतो. आपल्या देशात काय चांगलं नाही? पण यांना घाणच दिसते आणि..."

सासूबाईंनी चहा बशीत ओतून शांतपणे संपवला आणि मान माझ्याकडे वळवली.

"ती बाई मधे घुसली होती ना गो?"

"हो," मी म्हणाले.

"मग बरोबर केलंस." त्या उठल्या. "बोरिवलीपासून बसगाड्या बदलत आलेय. डबा कुठे असतो तुमचा?"

बाबा भिंतीकडे बघायला लागले. शेवटी मीच मोरीमागचा डबा काढला, पाणी भरलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. गल्लीत बायकांनी पाहुण्या बाईला ओळखलं आणि झटकन वाट दिली. "नको," त्या म्हणाल्या, "माझा नंबर येईल तेव्हा जाईन." आणि नऊवारीचा ओचा आवरून त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठी मी.

"ब्लॉक आमचा आत्ताचा," माझ्याकडे न बघता त्या सांगायला लागल्या. "त्याआधी जन्म गेला लालबागला. आमच्याकडे मजल्याच्या टोकाला रांग असायची. तुझा नवरा त्या रांगेत पाढे पाठ करायचा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला बघायला आलो ना, तेव्हा दोन तास मी अवघडून बसले होते. तुम्ही कोणी विचारीना, मला विचारता येईना. पोहे घशाखाली उतरत नव्हते."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पुढच्या काकूंना काय झालं ते कळेना, त्या मलाच धीर द्यायला लागल्या.

हातपाय धुऊन सासूबाई पुन्हा सतरंजीवर बसल्या. बाबा अजून तसेच उभे होते, मघाचं वाक्य पुरं करावं की नाही अशा विचारात.

"तारीख आहे तीच ठेवू," त्या म्हणाल्या. "मांडव इथे तुमच्या दारात पडणार, आमचं वऱ्हाड सकाळपासून येणार. त्यात म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत. त्यांची सोय काय आहे, तेवढं मला आता सांगा."

या विषयावर बाबा जन्मात कोणाशी बोलले नव्हते. घरातसुद्धा ते "जाऊन येतो" एवढंच म्हणत. मी आईकडे पाहिलं, आई बाबांकडे. बाबा सावकाश सासूबाईंच्या समोर, सतरंजीच्या कडेला टेकले.

"संडास सहा आहेत, विहीणबाई," ते म्हणाले. "त्यातल्या दोनांना दारं नाहीत. लग्नाच्या आत मी लावून घेतो."