दादाच्या भट्टीचा गॅस

बंदरावरच्या गॅस टर्मिनलात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. कंट्रोल रूममध्ये कामाची पाळी सांभाळणारी ती एकटीच बाई, त्यामुळे नाव घ्यायची कुणाला गरजच पडली नाही. परदेशातून जहाजाने येणारा गॅस इतका थंड केलेला असे, की त्याचं जणू पाणी झालेलं असे. ते मोठाल्या टाक्यांत उतरवायचं, समुद्राच्या पाण्याची ऊब देऊन पुन्हा गॅस करायचा आणि पाइपातून शहराला पाठवायचा, यात तिची उमेदीची वर्षं गेली. शेगडी पेटवताना शहरात कुणाला टर्मिनलाची आठवण होत नसे. तिला त्याचं काही वाटत नसे.

तिचा दादा काचेच्या कारखान्यात भट्टीवरचा मिस्त्री होता. आईवडिलांमागे त्यानेच शाळा सोडून तिला शिकवलं. “एक आगीत, एक बर्फात,” तो म्हणायचा, “आणि घरातला चहा कायम कोमट.”

त्या हिवाळ्यात दूरच्या समुद्रात लढाई पेटली आणि जहाजं वाटेतच अडकली. इकडे टाक्या रिकाम्या होत चालल्या. गॅस कमी पडला तर आधी इस्पितळं आणि घरं, मग वीज केंद्र, आणि उरला तर कारखाने, असा नियमच होता. तिलाही तो पटत होता. पण काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. ती अचानक थंड पडली तर आतली काच गोठते, विटा तडकतात आणि भट्टी कायमची जाते. हे ती दादाकडूनच लहानपणापासून ऐकत आली होती.

कारखान्यांचा गॅस दुपारी तोडायचा हुकूम आला, तेव्हा ती मोठ्या साहेबांकडे गेली. भट्टीतली काच काढून घेण्यापुरता एक दिवस मागितला. साहेबांनी नाही म्हटलं नाही. टाक्यांचे आकडे तिच्यापुढे सरकवले आणि तूच बघ म्हणाले. तिने हिशेब केला. तो एक दिवस दिला, तर जहाज यायच्या आत इस्पितळांचा गॅस संपत होता. तिने पुन्हा मागितलं नाही. कारखान्याला फोन मात्र मीच करीन, एवढंच म्हणाली.

“दादा, दुपारी तुमचा गॅस बंद होतोय.”

“किती कमी होईल?”

“कमी नाही. बंद.”

फोनमधून भट्टीची घरघर ऐकू येत होती.

“काच काढायला वेळ पुरायचा नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“बंद कोण करणार?”

“मीच.”

तो म्हणाला, “बरं. मी माणसं बाजूला घेतो. तू तुझं काम कर.”

दुपारी तिने कारखान्यांच्या पाइपाची झडप बंद केली. त्या दिवशी तिचा जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

पुढे जहाज आलं. धक्क्यावर टाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. शहरातली एकही शेगडी विझली नव्हती. कारखाना मात्र पुन्हा उघडला नाही. मिस्त्री, कामगार चहूकडे पांगले आणि दादा एका गोदामावर राखणदार झाला. वहिनीने बोलणं टाकलं. दादासमोर जायचा बाईला धीर होईना.

शेवटी तोच आला. दारात उभा राहून म्हणाला, “मी रागावलोय की तू, हेच कळेना, म्हणून आलो.” आत येऊन बसल्यावर त्याने सांगितलं, की तुझी वहिनी तुला रोज शिव्या घालायची, पण स्वयंपाक तुझ्याच गॅसवर करायची. तेव्हा कुठे बाई रडली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बाईने एकच विषय लावून धरला: टर्मिनलाला आणखी एक टाकी हवी, पदरी साठा हवा. दर बैठकीत तेच. लोक कंटाळले, हसले, आणि अखेर टाकी मंजूर झाली. तिचा पाया भरला त्या दिवशी साहेबांनी बाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती नुसती हात जोडून खाली बसली.

वहिनीही हळूहळू बोलू लागली. भट्टीचा विषय मात्र त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.