यूसुफचं खारं पाणी

माझा दोस्त यूसुफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोड्या पाण्याचा जार गाडीला बांधत होतो, त्याच्याच घरी न्यायला. जार तसाच टाकला आणि धावलो... त्याला महिना उलटून गेला. बाजारात लोक भेटतात, हळहळतात आणि मग हळूच विचारतात, "त्याच्या समुद्राचं काय झालं हो?"

धारूरला फळांचं दुकान चालवणाऱ्या माणसानं बैठकीत समुद्र आणून ठेवावा, हा शुद्ध येडेपणा. मी तोंडावर म्हणायचो. काचेची टाकी, विकतचं समुद्री मीठ कालवलेलं पाणी, निळे दिवे आणि त्यात पंज्याएवढं मऊ पोवळं. अंगठीतलं नव्हे; हे पाण्यात डुलतं, अंगभर बारीक फुलं उघडतं. "झाड न्हाई बे, जीव हाय त्यो," असं तो मला इतक्यांदा सांगायचा की मी चिडायचो. मग वर चहा पाजायचा.

तो दवाखान्यात पडला तेव्हा तिथूनच त्यानं बायकोला, शमीमभाभींना, फोनवर सांगितलं, "टाकीतलं थोडं थोडं पाणी काढत जा आन् खारं पाणी टाकत जा." भाभींनी इमानानं टाकलं. बोअरचं! आमच्याकडं प्यायचं ते गोडं आणि भांडी घासायचं बोअरचं ते खारं. समुद्र कुणाच्या ध्यानात येणार? यूसुफ घरी आला तोवर पोवळ्याची एक कड तपकिरी, बुळबुळीत होऊन गळायला लागली होती. वास तर विचारू नका. भाभी दाराआडून एकच म्हणत होत्या, "मीच मारलं हो."

यूसुफ खोकला लागेपर्यंत हसला. "अगं, बीड जिल्ह्यातल्या माणसाला खारं पाणी सांगितलं मी! चूक माझीच हाय."

सडलेली कड कापून काढायची होती; दुखण्यानं त्याच्या हातात जोर उरला नव्हता, म्हणून ब्लेड माझ्याकडं आलं. हातमोजे, चष्मा, सगळा सरंजाम. ब्लेड टेकवलं आणि मी थांबलो.

"कावून थांबला बे? नासका आंबा कसा कापतो आपण? कडंचा थोडा चांगला गर गेला तरी जाऊ दे."

कापलं. उरलेलं आयोडीनच्या औषधात बुडवलं, स्वच्छ समुद्री पाण्यात धुतलं आणि वेगळ्या टाकीत ठेवलं. ते मिटून बसलं. यूसुफ रोज बघायचा, म्हणायचा, "उघडंल." ते मिटलेलंच होतं आणि तो गेला.

नंतर भाभींनी पाणी बदलायचं काम माझ्यावर सोपवलं; स्वतः टाकीला हात लावायला भ्यायच्या. "ते गेले, आता ह्येबी माझ्या पायी जाणार," असं म्हणून तोंड फिरवायच्या. मलाही तीच धास्ती होती.

परवा त्यांनी बोलावून घेतलं. संपलं सगळं, असं धरूनच मी गेलो. भाभी टाकीपुढं फतकल मारून बसल्या होत्या. कापल्या जागी नवी कातडी धरली होती आणि पोवळं अंगभर फुललं होतं! मला इतकं हलकं वाटलं की मीही तिथंच खाली बसलो. भाभी मात्र त्याला फैलावर घेत होत्या, हसत, डोळे पुसत...

"आधी उघडायला काय झालतं रे मेल्या तुला? त्यांनी बघितलं असतं की!"