काळ्या बाजूची खुर्ची

दादाचं घर रिकामं करताना मी तीन याद्या केल्या: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. बुद्धिबळाचा पट कुठल्याच यादीत बसेना. गॅलरीच्या दाराशी टेबलावर तो अर्ध्या डावासकट मांडलेला होता. मी मोबाईलवर फोटो काढला, सोंगट्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि फोटो बघून जिथल्या तिथे ठेवल्या. नवऱ्याने विचारलं, आता हे कशाला? मी फडकं पिळून वाळत टाकलं. फ्लॅट भाड्याचा, महिनाअखेर मालकाच्या ताब्यात द्यायचा होता. जुनं फर्निचर नेणाऱ्याला मी सांगितलं, हे टेबल आणि दोन खुर्च्या सोडून सगळं न्या.

दादा माझा मोठा भाऊ. लग्न केलं नाही. मुंबईतली नोकरी संपल्यावर नवीन पनवेलमध्ये माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आला आणि दिवाळीच्या आधी एका मंगळवारी सकाळी हृदयविकाराने गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, अँजिओग्राफी लगेच करून घ्या, पुढचं त्यावर ठरवू. मी तिथेच डायरी उघडली आणि तारीख मागितली. दादा म्हणाला, "बघू." रिक्षात मी त्याला बरंच ऐकवलं. तो बाहेर बघत राहिला. नंतर दोन-तीनदा विचारलं, तेव्हाही तेच. बघू.

तो गेल्यावर हा शब्द त्या घरात राहिला. कुलूप काढून आत गेले की आधी तो भेटायचा. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण भांडी बांधताना मी मोठ्याने विचारायची, "हा कुकर ठेवू की देऊ?" आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबायची. मला एकच गोष्ट कळायला हवी होती. तो घाबरून टाळत होता, की मनात काही ठरवून थांबला होता? घाबरला असेल, तर ते सगळे दिवस तो दोन गल्ल्या पलीकडे एकटाच घाबरत बसलेला होता.

तेराव्यानंतर शेठचा फोन आला. शेठ म्हणजे दादाचा दर गुरुवारचा बुद्धिबळातला जोडीदार. उरणकडच्या गावातले, घराण्याची मिठागरं होती. आता द्रोणागिरीच्या बाजूला गोदामं भाड्याने देतात. त्यांनी आधी विचारपूस केली, मग म्हणाले, "ताई, डाव उठवला नाय ना?"

नाही म्हटलं.

"मग नका उठवू. आमी अर्धा डाव मोडत नाय. सायबाच्या जागी तुमी बसा."

मला खेळ येतो. वडिलांनी दोघांनाही शिकवला होता. मी पहिल्यापासून मधली घरं धरणारी: राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, लगेच वजिरापुढचंही, आणि समोरच्याला श्वास घ्यायला जागा द्यायची नाही. दादाही तसाच खेळायचा. कॉलेजात गेल्यावर त्याने वेगळंच सुरू केलं. काळी घेऊन घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं, त्याच्या रिकाम्या घरात उंट बसवायचा आणि पटाचा मधला भाग समोरच्याला सोडून द्यायचा. या पद्धतीला मॉडर्न डिफेन्स म्हणतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी त्याला भित्रा म्हणायची. तो म्हणायचा, "घेऊ दे ना तुला. घेतलेलं राखत बसावं लागेल."

फोटोत पांढऱ्याची तीन प्यादी ओळीने मध्यावर उभी होती, मागे दोन्ही घोडे तयार. काळा आपल्या कोपऱ्यात आकसून बसलेला. पांढऱ्या बाजूच्या खुर्चीवर उशी होती. दादाची पाठ दुखायची, म्हणजे ती खुर्ची त्याची. उतारवयात खेळ सुधारला असणार, असं मी धरून चालले आणि मला फार बरं वाटलं. इतका पुढे सरसावून खेळणारा माणूस घाबरलेला नसतो. स्वयंपाक करता करता मी पांढऱ्याने अशा डावात हल्ला कसा करावा याचे व्हिडिओ बघितले. राजापुढचं प्यादं अजून एक घर रेटायचं, हे ठरवून ठेवलं. नवऱ्याला सांगितलं, दादा जिंकत आलाय.

गुरुवारी दुपारी शेठ आले. दादाच्या फोटोला हार घातलेला होता, त्याला नमस्कार केला, घाम पुसला आणि सरळ उशीच्या खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही तिकडे."

"नाय ओ, पांढरी माझी. गुडघा दुखतो म्हणून सायबाने ही उशी दिली मला. सायेब कायम त्या अंगाला."

मी उभीच राहिले. म्हणजे आकसून बसलेला तो दादा होता. शेठना वाटलं मला भरून आलंय. ते म्हणाले, सावकाश बसा, आपल्याला कुठे मोऱ्याहून मुंबईची लाँच पकडायची आहे? मी बसले. त्या खुर्चीत मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

तिथून पट वेगळाच दिसत होता. कोपऱ्यातला उंट फोटोत मला अडगळीत टाकल्यासारखा वाटला होता. त्याच्यामागे बसल्यावर त्याची तिरकी वाट दिसली. ती थेट पटाच्या मध्यातून जात होती आणि तिच्यावर शेठचं वजिरापुढचं प्यादं उभं होतं. दादाचा प्रत्येक मोहरा त्याच प्याद्याकडे वळता येईल असा ठेवलेला होता. राजा अजून हललेला नव्हता. तो कुठल्या बाजूला जाईल याचा पत्ता समोरच्याला लागू दिला नव्हता. शेठची तीन प्यादी दिसायला भक्कम होती, पण आता तिन्हींना राखण लागत होती आणि त्यात त्यांचे सगळे मोहरे गुंतले होते. दादाने मध्य सोडलेला नव्हता. तो त्याच्यावर नजर ठेवून होता.

मी शेठना विचारलं, दादाचा हा खेळ तुम्हाला कळायचा का?

"नाय कळला. मला वाटायचं, सायेब झोपलाय. मग एकदम घाव बसायचा. घरी जाताना गाडीत कळायचं, की हा तर कवापासून जागा होता."

शेठ म्हणाले, चाल काळ्याची आहे. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं मी दोन घरं पुढे नेलं, त्यांच्या प्याद्याच्या अंगावर. मारलं तरी उंटाची वाट मोकळी, पुढे गेलं तरी मोकळी. शेठ पटाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होते. प्यादं मी दोन बोटांच्या टोकांनी, मानेशी धरलं होतं. मी तसं धरत नाही. तसं दादा धरायचा.

रिकाम्या घरात पंख्याचा आवाज मोठा येत होता.

मग शेठ म्हणाले, शेवटच्या गुरुवारी सायबाने त्यांची गाडी मागितली होती. पुढच्या गुरुवारी सकाळी, सोसायटीच्या गेटबाहेर, हॉर्न न वाजवता.

"कुठे जायला?"

"नाय बोलला. मी म्हटलं, कर्नाळ्याच्या अलीकडे तुमी मिसळ खा, मी चहा घेईन. तर बोलला, काही खायचं नाय, पोट रिकामं पायजे. मी हसलो. म्हटलं सायेब, तुमी कवापासून गुरुवार धरायला लागले? गालात हसला नुसता."

शेठ स्वतः गुरुवारी उपास करतात. त्यांच्या मनात दुसरं काही येण्याचं कारणच नव्हतं. दादाने उभ्या जन्मात एकही उपास केला नव्हता. शेठना म्हटलं, तुम्ही चालीचा विचार करा, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

हॉस्पिटलचा नंबर माझ्याकडे होताच. मी दादाचं नाव सांगितलं. तिकडच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, हो, अँजिओग्राफीला त्या गुरुवारी सकाळचं नाव होतं, पेशंटने स्वतः येऊन नोंदवलं होतं, पण आले नाहीत. मागे शेठच्या खुर्चीचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. त्याने ठरवलं होतं. मला न सांगता, माझ्या डायरीत न येता ठरवलं होतं, आणि आदल्या मंगळवारी गेला. मला हवं ते उत्तर मिळालं होतं. त्यानंतर काय वाटायला हवं, ते मात्र कळत नव्हतं.

"मॅडम, नवीन तारीख देऊ का?" मुलीने विचारलं. "की नाव काढून टाकू?"

सांगायला एकच वाक्य होतं. मृत्यूचा दाखला, बँक, गॅस, वीज, सगळीकडे मी ते न अडखळता सांगितलं होतं. आता ते तोंडातून निघेना. मुलगी म्हणाली, हॅलो? मी म्हटलं, द्या तारीख.

तिने पुढच्या महिन्यातली दिली. सकाळी लवकर या म्हणाली, रात्रीपासून पेशंटला काही खायला देऊ नका, आणि सोबत कोण असेल?

मी माझं नाव सांगितलं.