शेंदूर लागलेलं झाड

आमच्या गावात दर आठवड्याला एक फुकट पेपर दारात पडतो. ग्रोनिंगन या डच शहरापासून बसने पाऊण तास, चहूकडे सपाट शेतं. इथे बातम्या त्या काय असणार? मधलं पान गेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं. कुणाला पोटमाळ्याला खिडकी काढायचीय, कुठला पूल बंद राहणार, सगळं जाहीर. मला त्यात काडीचा रस नव्हता. मी तो पेपर कोथिंबीर निवडायला घ्यायचे.

त्या जूनमध्ये माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती, जुलैअखेरची तारीख मिळाली होती. तो ‘रुटीन असतं गं’ म्हणत लॅपटॉपसमोर मीटिंगा करायचा, आणि तो जिना चढायला लागला की मी खाली उभी राहून त्याचा श्वास ऐकायचे.

वटपौर्णिमा मी लग्नानंतर एकदाही केली नव्हती. पटतच नव्हती. पण त्या दिवशी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि मी मुकाट्याने पांढरा दोरा घेऊन बाहेर पडले. इथे वड कुठला! कालव्याकाठी लिंडनच्या झाडांची रांग आहे. त्यातल्या एकाच्याच बुंध्यावर गोल नारिंगी ठिपका होता.

“अगं, त्याला बघ कसा शेंदूर लागलाय,” सासूबाई फोनमधून म्हणाल्या. “तेच धर.”

मलाही तो शकुनच वाटला. सात फेऱ्या मारल्या, गाठ घातली, बुंध्याशी आंबा ठेवला. घरी येताना कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या डच आजी दारात उभ्या. “दोरा तू बांधलास? निषेध म्हणून?”

“निषेध? कसला?”

“ते झाड पाडणार आहेत ना! आतून पोखरलंय. म्हणून तर नारिंगी खूण केलीय. पक्ष्यांची पिल्लं उडाली की जुलैत तोडतील. पेपरात आलं होतं की.”

आलं असणारच. माझ्या कोथिंबिरीच्या देठांखाली.

 ज्यावर आपला विश्वास नाही, ते मोडणार म्हणून जिवाला इतकं का लागावं? आणि विश्वास नव्हता, तर मी फेऱ्या तरी का मारल्या? चिडून गेमेंटेला फोन लावला. आक्षेपाची मुदत संपली होती. “पण तुमचं कारण काय होतं?” तिथल्या बाईने अदबीने विचारलं.

“नवऱ्याचं ऑपरेशन,” माझ्या तोंडून निघून गेलं.

ती बिचारी गोंधळली. “म्हणजे झाड अँब्युलन्सच्या आड येतंय का? मग काळजी नको, आम्ही ते पाडतोच आहोत.”

मी आभार मानून फोन ठेवला.

ऑपरेशनला चार-पाच दिवस उरले असताना करवतीचा आवाज सुरू झाला. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन. “कसली गं घरघर?” मी रडतरडत सगळं सांगून टाकलं. आता त्याही घाबरणार, असं वाटलं.

“फेऱ्या काय झाडासाठी असतात?” त्या म्हणाल्या. “ज्याच्यासाठी असतात तो आहे ना घरात? घाल त्यालाच.”

मी नवऱ्याला मीटिंगमधून उठवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि उरलेला दोरा घेऊन त्याच्याभोवती फिरायला लागले. फोन ओट्यावर, सासूबाई त्यात. आधी तो खूप हसला. “तुला चक्कर येईल. आई, हिला थांबव.” मग हळूहळू त्याचं हसू ओसरलं. बाहेर फांद्या पडत होत्या.

“मला भीती वाटतेय,” तो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“मलाही. हलू नकोस.”

आता कालव्याकाठी त्या जागी काठीएवढं नवं झाड आहे. पेपराचं मधलं पान मी आधी वाचते, मग कोथिंबीर. यंदा वटपौर्णिमेला सासूबाईंनी विचारलं, “कुठलं झाड धरणार?” मी उत्तर देणार, तोच मागे स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्याचा आवाज आला.