न बसणारा दट्ट्या

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर नीट बसलेली नाही, असं माझ्या थोरल्या दिरांचं ठाम मत होतं. झाकण भांड्यावर बसलेलं नाही, कवाड चौकटीत बसलेलं नाही, आणि आमच्या गावच्या पाटलांचा पटका तर त्यांच्या डोक्यावर जन्मात कधी बसलेला नाही. पंगतीत वाटी जराशी डुगडुगली की हातातला घास हातातच राहायचा आणि आधी वाटीचं बूड तपासलं जायचं. भावकीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते सरळ पुढं झाले आणि नवरदेवाचं बाशिंग सोडून पुन्हा बांधायला लागले. भटजी थांबले, वाजंत्रीही थांबली. "चालू द्या तुमचं," ते म्हणाले, "कपाळावर बसलं न्हवतं, म्हून हात लावला." नवरदेव बिचारा घामाघूम झाला, पण पुढं त्याचा संसार चांगला झाला आणि त्याचं सगळं श्रेय ते आपल्या गाठीला देत असत.

सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून मीही दादाच म्हणते. मी साताऱ्यातली, शहरात वाढलेली. लग्न होऊन शिराळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याच्या ह्या गावात आले तेव्हा घरात माणसं मोजकीच होती. दादा, जाऊबाई, आमचे हे आणि मी. सासूसासरे फार आधी गेलेले. ह्यांना लहानाचं मोठं केलं ते दादांनीच. दादा तरुणपणी पलटणीत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होते. तिथल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना त्यांना आपली जुनी, एकेकच गोळी घेणारी रायफल दिली, परवान्याची व्यवस्था करून दिली आणि गोळ्या बनवायच्या सामानाची एक पेटीही दिली. त्या पेटीनं आमच्या घरात जेवढी जागा व्यापली तेवढी मी आणि जाऊबाईंनी मिळूनही कधी व्यापली नाही.

लढाई सुरू झाल्यावर बाजारात काडतुसं मिळेनाशी झाली, आणि दादांना गोळ्या घरी ओतायला रीतसर कारणच मिळालं. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांचा कारखाना होता. शिसं वितळवून साच्यात ओतायचं. गोळी निघाली की ती एका दाबयंत्रात उभी करायची आणि दांडा ओढायचा. मग ती पोलादी कड्यातून खाली जाऊन नेमक्या मापाची व्हायची आणि जाता जाता तिच्या अंगावरच्या खाचांत मेण आणि चरबी भरली जायची. गोळीला डोक्यावरून खाली ढकलतो तो दट्ट्या. ह्या दट्ट्याचं तोंड आतून खोलगट असतं आणि ती खोली गोळीच्या नाकाला हुबेहूब मिळावी लागते. नाही मिळाली तर नाक चेपतं, गोळी कलते आणि नेम धरावा एकीकडं तर ती जाते भलतीकडं. साहेबाच्या पेटीत सगळं होतं, फक्त ह्या गोळीचा दट्ट्या तेवढा नव्हता. दुसरे होते, एक अगदी सपाट तोंडाचा, एक नको तेवढा खोल. ह्या एका उणिवेवर दादांनी आयुष्याची चांगली दहाबारा वर्षं काढली.

दट्ट्या बसला की नाही हे बघायची त्यांची रीत होती काजळाची. गोळीच्या नाकाला काजळ लावायचं, दट्ट्या टेकवून हलका दाब द्यायचा आणि काजळ कुठं पुसलं ते भिंग लावून बघायचं. सगळीकडून सारखं पुसलं तर बसला, एकाच बाजूला पुसलं तर नाही. ते नेहमी एकाच बाजूला पुसलं जायचं. काजळ अर्थात जाऊबाईंच्या डबीतलं. "माज्या डोळ्यात घालायला काजाळ न्हाई," जाऊबाई म्हणायच्या, "आन् ह्यांच्या गोळ्या बगा, नटून बसल्यात." मेण आणि बकऱ्याची चरबी वितळवायला दादांनी एकदा माझं पुरण शिजवायचं पातेलं नेलं. त्यानंतर ते पातेलं चिंच लावून, राख लावून, उन्हात पालथं घालून पाहिलं, पण पुढचे दोन सण आमच्या पुरणपोळीला पलटणीचा वास येत होता. नागपंचमीला मात्र पडवी बंद. त्या दिवशी आमच्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दादा शिशाची कढईही चढवत नसत. "तवा काय आन् कढई काय," ते म्हणत, "देवाला फरक कुटं कळतुय." मग दिवसभर पुरणाची उकडलेली दिंडं खात, वाटीचं बूड बघत बसायचे.

गावाला त्यांच्याकडून एकच अपेक्षा होती. डोंगरातली डुकरं रात्री उसात शिरून नासधूस करत. परवान्याची बंदूक पंचक्रोशीत दादांचीच. दरवर्षी ऊस भरात आला की चारदोन शेतकरी पडवीच्या तोंडाशी येऊन उभे राहत. "दादा, आवं डुकरं शिरल्यात." दादा भिंगातून डोळा न काढता म्हणत, "थांबा जरा. दट्ट्या बसंना झालाय." ते थांबत, तंबाखू मळत, मग निघून जात आणि डबडी वाजवून स्वतःच डुकरं हाकलत. ऊस तुटायचा, गुऱ्हाळ लागायचं, गूळ बाजारात जायचा, दट्ट्या होता तिथंच. शेजारचा एक म्हातारा म्हणाला होता की त्या कळपातलं थोरलं डुक्कर म्हातारपणानं मेलं आणि मरताना दादांना आशीर्वाद देऊन गेलं.

ह्यांचा स्वभाव अगदी उलटा. झटपट करायचं आणि मोकळं व्हायचं. "दादा, गोळी डुकराला मारायची हाय," हे म्हणायचे, "त्येला बगायला दावायची हाय व्हय?" ह्यांनी पलटणीत नाव घातलं. जायच्या आदल्या दिवशी दादा बाजाराला गेले होते. आपण जायच्या आधी भावाचं काम उरकून द्यावं, असं ह्यांच्या मनात आलं. दादांनी महिनाभर ओतून ठेवलेल्या सगळ्या गोळ्या ह्यांनी दाबयंत्रातून काढल्या, त्याही सपाट दट्ट्या लावून. दादा आले तेव्हा चेपल्या नाकाच्या गोळ्यांची रास पाटावर लावलेली आणि हे शेजारी हात पुसत, शाबासकीची वाट बघत उभे. दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "साधा दट्ट्या कळत न्हाई तुला," ते म्हणाले, "आन् तू लढाईवर चाललाईस? जा, एकदाचा जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटार यायची होती. ह्यांनी देवाला नमस्कार केला, जाऊबाईंच्या पाया पडले, मग पडवीपाशी जाऊन म्हणाले, "दादा, येतो." आपल्याकडं कुणी येतो म्हटलं की घरातल्या मोठ्यानं ये म्हणायचं असतं. शेजारच्या गावाला जाणाऱ्यालाही म्हणतात, हे तर समुद्रापलीकडं निघालेले. दादा पाठमोरे बसले होते. हातात भिंग होतं, पण समोर गोळी नव्हती. हे थोडा वेळ उभे राहिले. मग चावडीकडून भोंगा वाजला आणि हे गेले. दादा उठून बाहेर आले तोवर रस्त्यावर नुसती धूळ होती.

त्यानंतरची वर्षं दादांनी दट्ट्या आणखी जोरानं शोधला. लोहाराकडं गेले, तांबटाकडं गेले. सांगलीला कुणीतरी लेथ मशीन चालवतं असं कळलं तर दोन गाड्या बदलून तिकडं गेले. लेक सासरी पाठवताना दागिना बांधून द्यावा तशी एक गोळी कापसात गुंडाळून नेली होती. त्या लेथवाल्यानं तीनदा दट्ट्याचं तोंड कातून दिलं, चौथ्यांदा हात जोडले. बिघडलेली प्रत्येक गोळी दादा पुन्हा कढईत टाकत. एकदा शिसं मिळेना, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "फळीवरल्या डब्यात मायंदाळ पडल्यात की चेपलेल्या. त्या वितळवा." दादा म्हणाले, "त्या न्हाईत वितळवायच्या." जाऊबाईंनी का म्हणून विचारलं. "त्येच्या हातच्या हायत," दादा म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

ह्यांचं पत्र आलं की मी ते सगळ्यांना वाचून दाखवी. दादा खांबाला टेकून ऐकत. पत्र संपलं की विचारत, "माजं काय लिवलंय का?" मी सांगे, दादांना साष्टांग नमस्कार लिहिलाय. "ते तर समदेच लिवत्यात," असं म्हणून ते उठत. मला फार वाईट वाटायचं. एकदा वाटलं, मनानंच एखादी ओळ घालून वाचावी, पण दादांना खोटं लगेच कळलं असतं. त्यांचा सगळा जन्म फटी शोधण्यात गेलेला.

मग एका उन्हाळ्यात त्यांचा दट्ट्या खरंच बसला. माझ्या बोरमाळेतला एक मणी फुटला आणि आतली लाख बाहेर आली. पोकळ मण्यात सोनार लाख भरतो, तशी ती. तिच्यावर मण्याच्या आतली रेघ न् रेघ उमटलेली होती. मी ती दादांना दाखवली. ते कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांनी शिराळ्याहून लाख आणली, खोल दट्ट्याच्या तोंडात तापवून भरली, गोळीच्या नाकाला तूप चोळलं आणि लाख मऊ होती तोवर गोळी तिच्यात दाबून धरली. गार झाल्यावर गोळी अलगद सुटली. काजळ लावून पाहिलं. सगळीकडून सारखं पुसलं गेलं. जाऊबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मला वाटलं, आता दादा गावभर सांगत सुटतील. ते जेवले नाहीत. सकाळी मी दूध काढायला गेले तर ते दट्ट्यातली लाख सुरीनं खरवडून काढत होते. "उन्हात मऊ पडंल ही," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "लोखंडाचाच पायजे." आणि पुन्हा लोहाराकडं निघाले. त्या दिवशी मला कळलं की दट्ट्या बसलेला त्यांना नकोच होता. गोळ्या झाल्या असत्या तर हाताला काम उरलं नसतं, आणि मग दारात बसून मोटारीच्या रस्त्याकडं बघावं लागलं असतं. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं. माझ्यात तरी कुठं होतं, मीही उगाच दिवसातून चारदा अंगण झाडत असे.

लढाई संपली, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी हे आले. वाळलेले, काळवंडलेले, पण धड. जाऊबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, ह्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि ते घालता घालता त्या रडल्या. दादा बाहेर आले नाहीत. पडवीतून दांड्याचा आवाज येत होता, वर, खाली, वर, खाली. हे तसेच ओल्या पायांनी तिकडं गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. दादांनी सरकून पाटावर जागा केली. हे बसले, समोरची गोळी उचलली, पेटीतून एक दट्ट्या घेतला, लावला आणि दांडा ओढला. तो सपाट दट्ट्या होता. मुद्दाम घेतला की खरंच विसरले होते, हे मी ह्यांना पुढं कित्येकदा विचारलं. हे नुसते हसायचे.

गोळी खाली आली. नाक पार चेपलेलं. दादांनी ती तळहातावर घेतली, फिरवली, उजेडाकडं नेली. भिंग शेजारी होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. मी कढईकडं बघत होते, आता ही तिच्यातच जाणार.

"बसला," दादा म्हणाले. "बरूबर बसला की रं." आणि फळीवरचा डबा काढून ती गोळी त्यांनी जुन्या गोळ्यांत ठेवली.

आठपंधरा दिवसांनी पलटणीतून सुटल्याचे कागद आणायला ह्यांना पुन्हा जावं लागलं. चारच दिवसांचं काम. हे उंबऱ्यात म्हणाले, "दादा, येतो." दादा हातातला साचा टाकून आले, म्हणाले, "ये." मग अनवाणीच चावडीपर्यंत चालत आले, तिथं म्हणाले, "ये." मोटार सुरू झाली तर खिडकीचा गज धरून तिच्याबरोबर चालायला लागले. "ये हं. ये रं." आतली माणसं हसत होती. हे मान खाली घालून बसले होते, कारण ह्यांना डोळे पुसायचे होते आणि रुमाल पिशवीत होता.

पुढं दादांना ती सवयच लागली. कुणीही घरातून निघालं, दूध न्यायला आलेला असो की बांगड्या भरायला आलेली मणेरीण, दादा पडवीतून उठून उंबऱ्यापर्यंत येणार आणि ये म्हणणार. दट्ट्याचा शोध हळूहळू थंडावला. रायफल एकदाही उडाली नाही आणि डुकरांच्या पुढच्या पिढ्या सुखात नांदल्या. आता दादा नाहीत, जाऊबाई नाहीत, हेही नाहीत. चेपल्या नाकाच्या गोळ्यांचा डबा अजून त्याच फळीवर आहे आणि त्याचं झाकण आजही नीट बसत नाही. मी कधी साताऱ्याला माहेरी निघाले की पिशवी घेऊन उंबऱ्यात येते, पडवीकडं तोंड करून "येते" म्हणते, आणि थोडा वेळ तिथंच उभी राहते.