गोदूबायचं हाय आणि नाय

गोदूबाय दातिवऱ्यात सून म्हणून आली त्याच साली तिनं ते भांडण ऐकलं. ऐकायला काही ती उभी नव्हती हो. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती आणि ओल्या बोंबलांच्या पडद्याआड नवी सून कुणाला दिसते? पलीकडे सासरा रामू आणि शेजारचा रामनाथ एकमेकांवर ओरडत होते.

"वापरायला दिली म्हंजे काय दान केली का रे? कव माझ्या बापानं रोवलेली हाय!"

"तुझीच हाय, कोण नाय म्हंतो?" सासरा म्हणाला. "पण तुझा पाय मोडलेला, पोर अजून शेंबडा. तू काय कवीवर बसून भजन करनार? पोर मोठा झाला की घे परत. मी काय खाऊन टाकतो काय तिला?"

कव म्हणजे समुद्रात रोवलेला खुंट. त्याला डोल जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपसूक आत येते. कुणाची कव कुठं, हे पाण्यावर लिहिलेलं नसतं. ते माणसांच्या तोंडात असतं, आणि तोंडं एकेक करून मिटत जातात. रामनाथ गेला. रामू गेला. गोदूबायचा नवराही गेला. रामनाथचा पोर मोठा झाला, दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून राबला, आणि कव राहिली रामूच्याच घरात. ज्या जागेवर सकाळी आपण बसतो ती आपलीच वाटायला लागते, तसं.

गोदूबायचा जन्म पाटी डोक्यावर घेण्यात गेला. दातिवऱ्याहून टमटमनं सफाळे, तिथून गाडीनं बोईसर. बोईसरच्या बाजारात तिची ठरलेली जागा. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरा हात लागतो. नवरा होता तोवर तो चढवायचा, मग मुलगा नीलेश. रोज पहाटे तो पाटी उचलून म्हणायचा, "घे, मान मोडंल एखाद दिवशी." ती म्हणायची, "मोडली तर तुझ्याच बायकोला घाल पाटी." एवढंच मायलेकाचं प्रेमाचं बोलणं.

बोईसरलाच तिला आनंदी भेटली. दवाखान्यात सिस्टर होती, बोंबलाची गिऱ्हाईक. नवरा आजारी असताना आनंदीनं त्याच्या उशाशी बसून येशूची प्रार्थना केली. नवरा काही वाचला नाही. पण जाताना शांत गेला, आणि ते गोदूबायच्या मनात राहिलं. मग ती रविवारी पाटी रिकामी करून टायरच्या दुकानावरच्या खोलीत सभेला जाऊ लागली. कारखान्यातली माणसं यायची, निम्मं हिंदी, निम्मं मराठी. पास्टर प्रदीप स्वतः तारापूरच्या कारखान्यात कामाला होता. रविवारी शर्ट इस्त्रीचा, हाताला वास मात्र कारखान्याचाच.

तिथं तिचा देवावर विश्वास बसला, तो खरा. पण डोक्यात गोंधळ झाला तोही खरा. पाप म्हणजे नक्की काय, ते तिला कळेना. एक बाई म्हणाली, नारळी पुनवेला जायचं नाही. दुसरी म्हणाली, जा, पण प्रसाद खाऊ नको. तिसरीनं तिच्या काळ्या दातांकडे बघून सांगितलं की मिश्री लावणं पाप. गोदूबायनं मिश्री सोडली. दुपारपर्यंत. "येशूबाबा," ती मनात म्हणाली, "तू समुद्र शांत केलास, माझे दात शांत करायला काय हरकत हाय?" दात काही शांत झाले नाहीत.

अशात रामनाथच्या पोरानं, दिपेशनं, स्वतःची होडी घेतली आणि कव परत मागितली.

"आज्याची कव हाय आमची," नीलेश म्हणाला. "इतकी वर्षं कुटं होतास?"

भांडण गावाच्या बैठकीत गेलं. दिपेशची आई गोजराबाय सांगत होती, पण आई पोराचंच बोलणार, असं म्हणून लोकांनी तिला खाली बसवलं. मग कुणीतरी म्हणालं, त्या काळची आणखी एकच बाई जिवंत आहे. देवीच्या देवळापुढं नारळावर हात ठेवून गोदूबाय सांगेल ते खरं.

संध्याकाळी नीलेश आईजवळ येऊन बसला. गोड बोलू लागला, तेव्हाच ती सावध झाली.

"आये, तू भांडण ऐकलंस ते मला म्हाईत हाय. बाबा सांगायचा. पण ती कव गेली तर मला किनाऱ्याजवळच्या चिखलात जाळं टाकावं लागंल. पोरं काय खातील, चिखल?"

"मंग मी नारळावर हात ठेवून खोटं बोलू?"

"तू देवीला मानत नायस ना आता? मंग तिच्या नारळावर काय बी बोललीस तरी तुला पाप कसलं? आणि तुझ्या येशूला कुनी मधी घेतलाच नाय. दोनी बाजूनं तू मोकळी!"

गोदूबायनं रात्रभर त्यातली चूक शोधली, सापडेना. पोरगा वकील व्हायचा तो चुकून कोळी झाला.

बोईसरला तिनं आनंदीला विचारलं. आनंदी बोंबील निवडता निवडता म्हणाली, "मावशी, आपल्याला शपथ घ्यायचीच नाही. प्रभूनं सांगितलंय, तुमचं बोलणं हो तर हो, नाही तर नाही, एवढंच असावं."

"म्हंजे हाय तर हाय, नाय तर नाय?"

"तेच."

गोदूबायला केवढं हलकं वाटलं! शपथच घ्यायची नाही, तर मग बैठकीला जायलाच नको. सुटली! घरी आल्या आल्या तिनं नीलेशला सांगितलं, "मला शपथ चालत नाय. आमच्यात मना हाय."

नीलेश इतका खूश झाला की त्यानं आईला स्वतः चहा करून दिला. "बेस झालं! तू काय बोलूच नको. तू गप बसलीस की कव आपलीच."

चहात साखर जास्तच होती. पिता पिता गोदूबायला वाटलं, ज्या गोष्टीनं हा एवढा खूश झाला, तिच्यात काहीतरी कुजकं आहे. मासळी किती धुतली तरी कल्ला उघडला की कळतंच ना. पण उघडायचा कसा, तेच तिला सुधरेना. देवानंच गप बसायला सांगितलं, आणि गप बसलं तर दिपेशची कव जाते. हा कुठला न्याय?

रविवारी पास्टर प्रदीपनं पेत्राची गोष्ट सांगितली. पेत्र कोळी होता हे कळल्यावर गोदूबाय सरसावून बसली. येशूला पकडून नेलं, तेव्हा हा पेत्र परक्या अंगणात शेकोटीशी बसला होता. एका मोलकरणीनं विचारलं, तू त्याच्यातलाच ना? पेत्र म्हणाला, "मैं नहीं जानता." पुन्हा विचारलं, पुन्हा नाय. तिसऱ्यांदा नाय. मग कोंबडा आरवला आणि पेत्र रडला.

खोलीतले लोक माना हलवत होते. गोदूबायला मात्र पेत्राची दया आली. कोळी माणूस, परक्या गावात एकटा, घाबरला असेल बिचारा. तिनं हळूच विचारलं, "मंग येशूनं त्याला काय केलं? हाकलला?"

"नाही मावशी," पास्टर म्हणाला. "पुन्हा जिवंत झाल्यावर प्रभू किनाऱ्यावर आला. पेत्र जाळं टाकत होता. प्रभूनं निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवली होती. म्हणाला, या, न्याहारी करा."

"भाजलेली मासळी?"

"भाजलेली मासळी."

परतीच्या गाडीत तिच्या डोळ्यांपुढून तो निखारा जाईना. तीनदा खोटं बोललेल्या कोळ्याला मासळी भाजून वाढणारा देव. अशा देवापुढं खोटं बोललं तर तो मारणार नाही, हे तिला कळलं, आणि नेमकं त्यानंच तिला खोटं बोलणं जड झालं. भीतीपोटी नाही, लाजेनं. का ते तिला सांगता आलं नसतं. "येशूबाबा," ती म्हणाली, "पोरगा तुटंल माझा. तू बरोबर उभा ऱ्हा, माझ्या एकटीच्यानं नाय व्हायचं."

बैठकीत देवळापुढं नारळ ठेवला होता. गोदूबाय पुढं झाली, पण हात पदराखालीच ठेवला. कुजबूज उठली. "बाटली ना ती, आता नारळ पन टोचतो तिला!"

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "गोदूबाय, कव तुमची नाय, असा दिपेश म्हंतो. खरं हाय का?"

सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, "हाय."

"हाय म्हनाली!" नीलेशनं उडीच मारली. "आमची हाय! ऐकलं ना सगळ्यांनी?"

"अरे, खरं हाय म्हनाली!" दिपेश ओरडला.

"कव हाय म्हनाली!"

लोक हसायला लागले. आणि गोदूबायला क्षणभर वाटलं, आता खाली बसावं. हाय तर हाय म्हणून झालं होतं. खरं बोलून झालं होतं. लोकांनी त्यातून काय उचललं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. देवाचंही राहिलं, पोराचंही राहिलं. तिचे गुडघे वाकलेसुद्धा.

मग तिला चहातली ती जास्तीची साखर आठवली.

"गप ऱ्हा सगळे," ती म्हणाली. आवाज मासळीबाजारातला निघाला, त्याला इलाज नव्हता. "मी बोंबील घालत होते. सासरा म्हनाला, तुझीच हाय, पोर मोठा झाला की घे. माझ्या कानानं ऐकलं. कव रामनाथची. आमची नाय, नाय, नाय."

तीनदा नाय म्हणाली, पेत्रासारखी, पण उलटी. नीलेश उठून निघून गेला.

कुणीतरी म्हणालंच, "नारळाला हात नाय, ही साक्ष कसली?" त्यावर गोजराबाय खालूनच कडाडली, "पोटच्या पोराच्या ताटातलं काढून बोलते ती! तुला आनी कसली शपथ पायजे रे मेल्या?"

कव दिपेशला मिळाली. गोदूबायला काय मिळालं, ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. निम्मं गाव म्हणे, नव्या देवानं हिचं घर मोडलं. निम्मं म्हणे, देवीनंच बुद्धी दिली. तिनं आनंदीला विचारलं, "खरं बोललं की मनाला शांती मिळते म्हनता ना? मंग मला झोप का नाय?" आनंदी म्हणाली, "मलाही नाही कळत, मावशी." ते मात्र गोदूबायला बरं वाटलं.

नीलेश तिच्याशी बोलेना. पाटी चढवायला तो येईनासा झाला, सून किंजल चढवायची. किंजल बुटकी, पाटी दरवेळी तिरकी बसायची. किनाऱ्याजवळ मासळी कमी लागायची, म्हणून पाटीत निम्मी जागा उरे. ती गोजराबायनं भरली. "आमचं पन ने गो बोईसरला, माझे पाय चालत नाय." गोदूबायनं नेलं.

पुढं तिचेही गुडघे गेले, पाटी किंजलकडे गेली. पण त्याआधी, गोदूबायच्या शेवटच्या फेरीच्या सकाळी, किंजल पोराला अंघोळ घालत होती. गोदूबाय अंगणात पाटीशी उभी राहिली, हाक मारायची का नाही या विचारात. मागून दोन हात आले आणि पाटी सरळ डोक्यावर बसली, पूर्वी बसायची तशी. नीलेश काही बोलला नाही. मान मोडंल, एवढंसुद्धा नाही. तिनं वळून बघेपर्यंत तो जाळ्याकडे निघाला होता. राग गेला, की पाटी वाटेत आली म्हणून उचलली? टमटममध्ये सफाळ्यापर्यंत ती तेच घोळवत राहिली.

बोईसरला जागेवर बसली. एका बाईनं विचारलं, "मौसी, ताजा है?"

"कोलीम ताजी हाय, बोंबील कालचं हाय."

बाई बोंबील टाकून जवळ्यासारखी बारीक कोलीम घेऊन गेली. उरलेल्या बोंबलातले मूठभर गोदूबायनं आनंदीसाठी बांधले, तिला दवाखान्याच्या दाराशी नेऊन दिले. मग नातवंडांना खारी घेतली, खारीखाली मिश्रीची पुडी दडवली, आणि सफाळ्याची गाडी धरली.